रोड्सकरणीची भट्टी

आनेझिनाचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत होतं, रोड्स बेटाच्या बंदरावरच्या चढावर. वडील निकितास पाव भाजायचे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलालाच त्यांनी जावई करून घेतलं होतं. बेटावर राज्य होतं सेंट जॉनच्या सरदारांचं. काळे झगे, त्यावर पांढरा क्रूस, लग्न न करण्याची शपथ घेतलेले हे लढवय्ये साधू दोनशे वर्षांपासून तिथे ठाण मांडून होते. ते रोमच्या पोपला मानणारे, आनेझिनाची माणसं ग्रीक पंथाची. चर्च वेगळी, उपास वेगळे. रस्त्यात सरदाराचा घोडा आला की निकितास भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि तो पुढे गेला की दाढीत पुटपुटायचे.

सन १५२२च्या उन्हाळ्यात तुर्कांच्या सुलतानाचं आरमार आलं. सहा महिने वेढा चालला. बाहेरून मदत येणार, येणार म्हणता आली नाही. तटाला पडलेल्या भगदाडात माती टाकताना आनेझिनाचा नवरा गेला. नाताळात तह झाला आणि सरदारांना बेट सोडून जायची मुभा मिळाली. रहिवाशांपैकी ज्यांना जायचं त्यांनीही जावं, असं ठरलं.

आनेझिनाचं काही ठरेना. भट्टी इथे, आईची कबर इथे.

"पाव काय, तो सुलतानाच्या शिपायांनाही लागेलच," ती म्हणाली.

"लागेल की," निकितास म्हणाले. "पण तुझ्या नवऱ्याला मारणाऱ्यांच्या हातावर रोज सकाळी गरम पाव ठेवशील? पोरी, मी तुला ओळखतो. तुझ्याच्यानं व्हायचं नाही. चल, ऊठ."

ऐन थंडीत जहाजं निघाली. समुद्र खवळलेला, वारा हाडं फोडणारा. सिसिलीतल्या मेसिना बंदरात पोचेपर्यंत निकितासांच्या छातीत कफ भरला होता. सरदारांनी बंदरात उतरताच सगळ्यात आधी कसली सोय केली असेल, तर ती दवाखान्याची. त्यांना स्वतःला राहायला छप्पर नव्हतं तरी आजाऱ्यांना खाटा मिळाल्या, स्वच्छ चादरी मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक दांडगा, पिकल्या मिशांचा सरदार सुपाचा वाडगा घेऊन निकितासांच्या खाटेशी बसला. नाव फ्रा, म्हणजे बंधू, गास्पार; स्पेनमधल्या आरागोनचा. निकितासांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं.

"तूच ना रे तो? चौकात घोडा घालून माझ्या पावाच्या पाट्या उधळल्या होत्यास!"

आनेझिनाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. "बाबा, गप्प बसा!"

"मीच तो," फ्रा गास्पार म्हणाला.

"माफीसुद्धा मागितली नाहीस."

"आता मागतो. आधी तोंड उघडा." चमचा पुढे करत तो म्हणाला, "आमच्या पंथाचा नियमच आहे, आजारी माणूस मालक आणि आम्ही त्याचे चाकर."

निकितासांनी सूप गिळलं. थोडा विचार केला. "मग मालकाचं ऐक. मीठ कमी आहे."

फ्रा गास्पार उठला आणि मीठ घेऊन आला.

रोज तो यायचा. म्हाताऱ्याची पाठ पुसायचा, कूस बदलून द्यायचा, शिव्या ऐकून घ्यायचा. निकितास अखेरच्या घटका मोजू लागले तेव्हा त्यांना आपल्या पंथाचा पाद्री हवा होता. फ्रा गास्पार स्वतः सगळं शहर पालथं घालून एका ग्रीक पाद्र्याला हाताला धरून घेऊन आला, आणि प्रार्थना चालू असताना दाराबाहेर टोपी काढून उभा राहिला. पुढे त्याच गावात प्लेगची साथ आली. आजाऱ्यांची सेवा करता करता फ्रा गास्पारही गेला. आनेझिनाला ते उशिरा कळलं. आभार मानायचे राहून गेले, ही चुटपुट तिला जन्मभर पुरली.

पुढची सात वर्षं सरदार आज या बंदरात तर उद्या त्या, आणि रोड्सची माणसं त्यांच्या मागे. शेवटी स्पेनच्या राजानं त्यांना माल्टा बेट दिलं. आनेझिना बिरगू गावात उतरली तेव्हा तिनं आजूबाजूला पाहिलं. नुसता पिवळा दगड. झाड म्हणून नाही.

एका कोळ्याच्या घराला लागून तिला खोली मिळाली. अंगणात जुनी भट्टी होती, थंड पडलेली. कोळ्याची बायको गारिता दारात हात कमरेवर ठेवून उभी होती. खलाशांच्या मोडक्यातोडक्या भाषेत दोघींचं बोलणं झालं.

"लाकूड कुठे मिळेल?" आनेझिनानं विचारलं.

"सिसिलीत," गारिता म्हणाली, आणि आतून टोपलीभर गोवऱ्या आणून तिच्यासमोर आदळल्या.

"शेण? पावाच्या भट्टीत?"

"मग तुझी जीभ घाल. तिच्यातही आग बरी दिसते."

आनेझिनानं नाक मुरडून गोवऱ्या पेटवल्या. धुरानं डोळे चुरचुरले आणि पाव निघाले वरून कोळसा, आतून चिखल. गारिता पोट धरून हसली. मग हसणं थांबवून तिनं बाह्या सरसावल्या. काटेरी झुडपं पेटवून आधी जाळ कसा करायचा, त्यावर गोवऱ्या रचून धग कशी धरायची, राख ओढून काढल्यावर भट्टीच्या तोंडाला ओलं पोतं कसं लावायचं, सगळं तिनं करून दाखवलं. शिवाय आपल्या टाक्यातलं पाणी काढून दिलं, आणि त्या बेटावर पाणी कुणी असंच देत नसे.

"इतकं कशाला करतेस माझ्यासाठी?" आनेझिनानं विचारलं.

"तुझ्यासाठी कोण करतंय? मला कणीक मळायचा कंटाळा. तू भाज, मी खाते."

खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. गारिताची धाकटी बहीण समुद्री चाच्यांनी किनाऱ्यावरून उचलून नेली होती. "कुठे असेल, देव जाणे," गारिता एकदा काटे तोडता तोडता म्हणाली. "पण तिथे तिलाही कुणी कोरडी गोवरी दिली असेल, असं धरून चालते मी. नाहीतर झोप कशी लागावी?"

आनेझिनाचे पाव पुढे सरदारांच्या दवाखान्यात जाऊ लागले. रोड्सचं नाव काढलं की तिचा आवाज भरून यायचा, पण माल्ट्याला कुणी नावं ठेवली की भांडायला उठायची. सगळं गाव तिला रोड्सकरीण म्हणायचं.

ती म्हातारी झाली तेव्हा सुलतानाचं आरमार माल्ट्यावरही चालून आलं. सरदार म्हाताऱ्यांना आणि पोराबाळांना जहाजानं सिसिलीला पाठवत होते. एक तरुण सरदार तिच्या दारी आला. "आजी, चला. जागा ठेवली आहे."

"एकदा तुमच्या मागून निघाले, बाळा. आता भट्टी सोडून नाही येत. तुला पाव कोण देईल?"

गारिताही गेली नाही. "हिला धुरात एकटीला सोडू?" म्हणाली. उन्हाळाभर डोक्यावरून तोफगोळे जात होते आणि दोघी थकल्या हातांनी कणीक मळत होत्या. सप्टेंबरात सिसिलीहून फौज उतरली, आणि वेढा उठला. या वेळी मदत आली होती! घंटा वाजू लागल्या तशी आनेझिना पिठाच्या हातांनीच रडली.

त्यानंतर रोज सकाळी भट्टी पेटवताना ती प्रार्थना करायची: नवऱ्यासाठी, वडिलांसाठी, फ्रा गास्पारसाठी, आणि कधी न पाहिलेल्या त्या बहिणीसाठी.

"माझं नाव नाही घेत ते?" गारितानं एकदा टोमणा मारला.

"तू समोर आहेस. तुला तोंडावर सांगता येतं."

"मग सांग की."

आनेझिनानं राख ओढायचा दांडा भिंतीला टेकवला, गारिताचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं, गोवऱ्यांच्या पहिल्या टोपलीपासून सगळं. गारिता खाली मान घालून ऐकत राहिली. मग बाहीनं नाक पुसून म्हणाली, "बाई गं, किती बोलतेस!"

पुढल्या वसंतात आनेझिना गेली. तिच्या अंत्यविधीला बिरगूच्या ग्रीक चर्चमध्ये रोमच्या पंथाची गारिता जन्मात पहिल्यांदाच शिरली. भाषा कळत नव्हती, पाय दुखत होते, तरी प्रार्थना संपेपर्यंत ती उभी राहिली.