कार्डावरचे नाव

ही केस डोक्यातून काढून टाकायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. निवृत्त झाल्यावर माणूस पंचनामे विसरतो, आरोपींची नावे विसरतो, वरिष्ठांनी दिलेल्या शिव्यासुद्धा विसरतो. ही मात्र जात नाही. खून नाही, दरोडा नाही. कागदोपत्री फक्त एका औषधाच्या बाटलीची चोरी. त्यातली माणसे अजून याच भागात राहतात, म्हणून नाव कुणाचेच लिहीत नाही.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. दुपारी ठाणे अंमलदार डबा धुऊन टेबलाशी बसतो न बसतो तोच शिरगावातल्या एका खासगी इस्पितळातून फोन आला. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी सकाळी दाखल झाली होती. सणसणून ताप, असंबद्ध बडबड आणि डोळ्यांना अंधुक दिसणे. नर्सला तिच्या वस्तूंची यादी करताना पर्समध्ये एक पांढरी बाटली आणि एक कार्ड सापडले. बाटलीवर लिहिले होते, ‘फक्त चाचणीसाठी, विक्रीसाठी नाही’. कार्डावर नाव होते भलत्याच बाईचे.

नवे औषध बाजारात येण्याआधी माणसांवर तपासून पाहतात. भाग घेणाऱ्या रुग्णाला असे कार्ड देतात. काही त्रास झाला तर कार्डावरच्या नंबरवर कुणीही फोन करावा, ही त्यामागची सोय. हे संशोधन उल्हासनगरच्या एका खासगी केंद्रात चालू होते. शरीराची प्रतिकारशक्ती उलटून डोळ्यांच्या नसेवरच हल्ला करते, अशा एका आजारावरचे औषध होते ते. इस्पितळाने त्या नंबरवर फोन केला. केंद्राने लगेच कार्डावरच्या बाईला मोबाइल लावला, तर ती म्हणाली, “मी बरी आहे.” म्हणजे कार्ड आणि बाटली चोरीची, असा सगळ्यांनी अर्थ काढला. केंद्राच्या डॉक्टरांनी तक्रार दिली आणि गुन्हा नोंदवून मी इस्पितळात गेलो.

बाहेरच्या बाकावर मुलीची आई होती. मुलीचा साखरपुडा नुकताच झाला होता, त्यामुळे मुलाची आईही आलेली. एका विवाहित बाईने माझ्यापुढे स्टूल सरकवले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी आईला विचारले, “ही बाटली कुणाची?”

“आम्हाला काय माहीत साहेब? कुणाची तरी असेल.”

“मुलीला आधीचा काही आजार? काही औषध चालू?”

“छे हो! साधी सर्दीची गोळी घेत नाही माझी पोर.” हे सांगताना तिने माझ्याकडे नाही, होणाऱ्या विहीणबाईंकडे पाहिले. मी ते पाहिले आणि सोडून दिले. आईचा जीव घाबरला असेल, असे वाटले.

तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “साहेब, चोर तुम्ही सावकाश पकडा. हे औषध हिच्या पोटात गेलंय की नाही, एवढंच मला आत्ता पाहिजे. गेलं असेल तर हिची प्रतिकारशक्ती खाली आलेली असणार आणि मला वेगळंच इन्फेक्शन शोधावं लागेल. नसेल गेलं तर ती ट्रीटमेंट हिला मारेल. घरचे नाही म्हणतात. मी काय समजू?”

मी म्हणालो, “चौकशी चालू आहे.” वेळ काढायला आम्हा पोलिसांचे हे वाक्य जिभेवर तयारच असते.

ठाण्यात आल्यावर कार्डावरच्या बाईला मीही फोन केला. राहायला अंबरनाथ पश्चिम. शांतपणे म्हणाली, “मार्केटमध्ये पर्स हरवली माझी. बाटली त्यातच होती.” मी स्टेशन डायरीत तसे लिहिले. आमच्या खात्याची एक जुनी खोड आहे. ज्याची वस्तू हरवली त्याला आम्ही कमी विचारतो आणि ज्याच्याकडे सापडली त्याला जास्त. त्या बाईला मी उगाच ठाण्यापर्यंत बोलवायचे कशाला, असा चांगुलपणा दाखवला. त्या चांगुलपणाची मला आज चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बातमीदाराने खबर आणली. “साहेब, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये सेटिंग चाललीय. तिथल्या हॉस्पिटलचा एक पंटर दवाई बाहेर विकतो.” बातमी खरी होती, पण ती निघाली दुसऱ्याच कुणाची, हे मला पुढे महिन्याभराने कळले. त्या दिवशी मी मात्र संशोधन केंद्राच्या कोऑर्डिनेटरला उचलून आणले. तिशीतला सडपातळ माणूस. रुग्णांना तारखा देणे, बाटल्या देणे, परत आलेल्या गोळ्या मोजणे ही त्याची कामे. मी त्याला सकाळी दहापासून समोर बसवला. आवाज चढवला, टेबल आपटले, जे जे करतात ते सगळे केले. दुपारी तीन वाजता त्याचा संयम सुटला.

“सर, मी बॉटल विकली असती तर रजिस्टरमध्ये कशाला लिहिली असती? थोडा दिमाग लावा ना! पेशंटच्या हातात दिली मी. पाहिजे तर पेशंटचा व्हिडिओ बघा.”

“कसला व्हिडिओ?”

“संमतीचा. औषध चालू करायच्या आधी कॅमेऱ्यासमोर सगळं समजावून सांगतो आम्ही. पेशंट स्वतः हो म्हणतो. रूल आहे तो.”

फाइलचे सगळे कागद मी आदल्या दिवशीच मागवले होते. आणखी काही आहे का, हे विचारले नव्हते. तासाभरात व्हिडिओ आला. पडद्यावर दोन बाया शेजारी शेजारी बसलेल्या. एक कार्डावरचे नाव सांगून म्हणत होती, “मला सर्व मराठीतून समजावले आहे. मी राजीखुशीने भाग घेत आहे.” दुसरी नातेवाईक म्हणून सही करत होती.

इस्पितळात माझ्याबरोबर आलेली आमची महिला कॉन्स्टेबल माझ्या मागे उभी होती. “सर, बोलतेय ती आपली शिरगावची मुलगी. आणि बाजूची बघा. काल तुम्हाला स्टूल दिलं ना, ती.”

दोघी सख्ख्या बहिणी. धाकटी आजारी होती आणि थोरलीच्या नावाने औषध घेत होती. लग्नानंतर थोरलीचे आडनाव बदललेले, त्यामुळे इस्पितळात कुणाला संबंध लागला नाही. केंद्रात आधार कार्डही थोरलीचेच दाखवलेले. त्यावरच्या फोटोत तर आपली आपल्यालाच ओळख पटत नाही, तिथे कोऑर्डिनेटर बिचारा काय ओळखणार?

डॉक्टरीणबाईंना मी तिथूनच फोन केला. “औषध तिच्याच पोटात गेलंय. चार महिने घेतेय.” त्या फक्त “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अंबरनाथच्या घरी थोरलीने दार उघडले. कॉन्स्टेबलला पाहूनच ती स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली. नवरा कारखान्यात अधिकारी, तो अजून कामावरून यायचा होता. त्यालाही यातले काही ठाऊक नव्हते.

“दोन वर्षं झाली तिच्या डोळ्याला,” ती सांगू लागली. “नेहमीच्या औषधांनी फरक पडेना. ही नवी ट्रायल कळली, पण इकडे स्थळ जमत आलेलं. हॉस्पिटलचे फोन येतात, कागद येतात. एकदा फाइलीवर नाव चढलं की संपलं. मग मीच म्हटलं, माझं नाव लाव. माझं लग्न झालंय साहेब, मला आता कोण नाकारणार?”

“आणि केंद्रातून फोन आला तेव्हा?”

“तिच्याच खाटेशी उभी होते मी. मागे मुलाची आई.” ती पदराने तोंड दाबून रडू लागली. “मी म्हटलं, मी बरी आहे.”

इतक्या वर्षांत मी अनेक कबुलीजबाब ऐकले. इतका जड एकही नव्हता.

मुलगी वाचली. डोळे वाचले नाहीत; खरे इन्फेक्शन सापडेपर्यंत ते डोळ्यांत उतरले होते. डाव्यातून काहीच नाही, उजव्यातून नुसता उजेड कळतो. मुलाच्या आईचा जबाब घेताना मी मुद्दाम विचारले, “आजार आधी सांगितला असता तर?” बाई सरळ होती. म्हणाली, “नाहीच म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू?” म्हणजे घरच्यांची भीती खोटी नव्हती, हेच वाईट. लग्न अर्थातच मोडले. केंद्राने तक्रार पुढे नेली नाही, केस बंद झाली. कोऑर्डिनेटरची नोकरी मात्र गेली. ठाण्यात दिवसभर बसून आलेला माणूस कुणाला नको असतो. त्याची माफी मागायला मी गेलो नाही. जायला हवे होते.

शेवटचा जबाब मुलीचा. ती आईच्या घरी पलंगावर बसली होती, थोरली शेजारी तिची वेणी घालत होती. सगळे सांगून झाल्यावर मुलीने आवाजाच्या रोखाने माझ्याकडे तोंड वळवले. “साहेब, एक विचारू? डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर दिसलं असतं का मला?”

थोरलीचा हात वेणीतच थांबला. डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितले होते की एक डोळा नक्की वाचला असता.

मी म्हणालो, “नाही बाळ. काही फरक पडला नसता.”

आयुष्यभर लोकांचे खोटे पकडायचा पगार घेतला. खोटे बोलणारी माणसे लबाड असतात, असे मला तोवर वाटे. बहुतेक जण फक्त घाबरलेले असतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला घाबरतात, खाटेवरच्या माणसाचा विचार त्यांना नंतर सुचतो, हे मी त्या घरात शिकलो.

थोरली मला जिन्यापर्यंत सोडायला आली. हात जोडून म्हणाली, “साहेब, तुम्ही मला सांभाळून घेतलंत.”

डॉक्टरीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता आणि पुढचा अख्खा दिवस मी चोर शोधत बसलो होतो. मी तिला म्हणालो, “तुम्हाला नाही हो. मी मलाच सांभाळून घेतलं.”