विटेचा शेक

काल परदेशातल्या हॉस्टेलवरून सईचा, माझ्या नातीचा, व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता तिने पोटावरची गरम पाण्याची पिशवी जरा सरकवली.

"पाळी आलीये, आजी. चेहरा नको पाडूस. डॉक्टरांनी सांगितलंय, दुखायला लागलं की लगेच काहीतरी खाऊन गोळी घ्यायची, अंगावर काढायचं नाही. आता बरंय. शेजारच्या खोलीतली मुलगी आली होती विचारायला, तिलाही परत पाठवलं."

फोन ठेवल्यावर मला माझी कोपऱ्यातली सतरंजी आठवली. त्या दिवसांत बाजूला बसायचं आणि कुणी शिवायचं नाही, अशी आमच्या घरची रीत होती. मी पोट धरून कळवळायचे. आई चुलीजवळ तापलेली वीट फडक्यात गुंडाळायची, पायाने माझ्याकडे सरकवायची आणि तिथेच, हातभर अंतरावर बसून राहायची. विटेने पोट शेकलं जायचं, पाठीवरून मात्र कुणाचा हात फिरायचा नाही.

चौथ्या दिवशी मी न्हाऊन आले की ती वेणी घालायला बसायची. तेव्हा दुखणं संपलेलं असायचं, तरी तिचा हात पाठीवर रेंगाळायचा.

सई, गोळी वेळेवर घेतेस ते उत्तम. पण ती मुलगी पुन्हा आली, तर तिला परत पाठवू नकोस. जवळ बसू दे.