अक्काचं काळीज पिशवीत

वाचनालयात येणाऱ्या मंडळींना नमस्कार. आज सकाळी बंदरावर घडलेली गोष्ट सांगावी म्हणून हा कागद फळ्यावर लावतोय.

माझी थोरली बहीण अक्का लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला निघाली होती. आगबोट लांब समुद्रात उभी राहते, तिथवर पडावातून जावं लागतं. पडावात चढायच्या फळीवरून अक्का याआधी दोनदा माघारी आली होती. आम्ही दृष्ट काढली, अंगारा लावला. छातीत काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

आजही फळीवर तिचे पाय थांबले.

पडाव हाकणारा तांडेल म्हणाला, "चला अक्का, आगबोट थांबायची न्हाय."

"त्या बकरीगत झालंय रे माझं."

गेल्या आठवड्यात तंबूतल्या सिनेमात हाताने काढलेली, हलणारी चित्रं दाखवली होती. त्यातल्या बकरीचं काळीज ओढा ओलांडताना भीतीने तोंडातून बाहेर उडी मारतं. ती ते पिशवीत घालते आणि थरथरतच पलीकडे जाते. निम्मं गाव तेव्हा हसलं होतं.

तांडेलही हसला. "मग टाका काळीज पिशवीत. पिशवी मी धरतो."

"धर. पण आत डिंकाचे लाडू आहेत, हात घालू नकोस."

पडावभर हशा झाला आणि अक्का थरथरतच जाऊन बसली.

देवावर माझा भरवसा आहेच. आज त्यानेच बकरी धाडली असं वाटतं. मीही आजवर आगबोटीत बसलेलो नाही. कुणी विचारलं की शेतीची कामं सांगतो. ती सबब होती, हे आज लिहून टाकतो.

तुमची सबब कोणती? कागदावर खाली जागा ठेवली आहे.