औषध अंगी लावण्याचा खटाटोप

डॉक्टर म्हणाले, "पॅपिलरी थायरॉइड कार्सिनोमा." म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर, तोही सावकाश वाढणारा. मी विचारलं, "मिसळ चालेल?" शेजारी बसलेली बायको माझ्याकडे अशी बघायला लागली की कॅन्सरच मवाळ वाटला.

ऑपरेशन झालं. मग रेडिओआयोडीन, म्हणजे उरल्यासुरल्या पेशी मारणारी किरणोत्सारी गोळी. ती घेतली की अंगातून किरणं निघतात, म्हणून नाशिकच्याच हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत कोंडतात. मोजमाप ठरलेल्या रेषेखाली आलं की घरी.

मला घाई होती. लेक नुकतीच बाळंत झाली होती आणि नातीचं बारसं तोंडावर आलं होतं.

शेजारच्या खोलीत मालेगावचे रफीकभाई, लूमवाले. आमची गाठ फोनवरच. किरणं मोजणाऱ्या मॅडमनी दोघांचे ग्राफ एकाच कागदावर काढून दारच्या काचेला लावले. रफीकभाईंचा डोस मोठा, त्यामुळे त्यांची रेघ वरून सुरू झालेली. मी खूश. ओझरच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, लगेच पट्टी लावून माझी रेघ पुढे सरळ ओढली आणि घरी कळवलं, "परवा शून्य. बारशाला येतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांची रेघ माझ्या रेघेला कापून खाली गेली.

मॅडम म्हणाल्या, "काका, पट्टी बाजूला ठेवा. ही रेघ सरळ उतरत नाही. उरलेल्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं. शून्य होतच नाही. सुरुवात कुठून झाली ते सोडा, अर्धं व्हायला किती वेळ लागतो ते बघा. त्यांचं भराभर होतंय, तुमचं रेंगाळतंय. पाणी पिताय ना?"

नव्हतो पीत. खाल्ल्यावर घटाघटा पाणी प्यायलं की अन्न अंगी लागत नाही, हे आईचं वाक्य. एवढं भारी औषध लघवीवाटे घालवायचं?

"काका, ज्या पेशींना हवं होतं त्यांनी घेतलं. बाकीचं नुसतं फिरतंय."

फोनवर रफीकभाई हसत सुटले. "क्या काका, मैं तो बाटलीपे बाटली मार रहा हूं. तुम्ही काय रोजा धरला का?"

मग मीही प्यायलो. रेघ चांगली वाकली. तरी ते माझ्या आधी घरी गेले.

मीही बारशाच्या आदल्या दिवशी सुटलो, पण बाळापासून लांब राहायच्या अटीवर. लेकीच्या हॉलमध्ये कुर्र झालं तेव्हा मी रस्त्यापलीकडे गाडीत बसून व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवत होतो. मोबाइलमध्ये पाळण्याचा एक पायच दिसत होता.

तुमच्यावर ही वेळ आली तर पाणी प्या आणि शून्याची वाट बघू नका. रेघ पुरेशी खाली आली की डॉक्टर सांगतातच.

मला सांगितलं त्याच दुपारी नात मांडीवर घेतली. तिनं लगेच धोतर भिजवलं. मी रफीकभाईंना फोन लावला.

"शहाणी आहे पोरगी," ते म्हणाले. "आजोबासारखं साठवून ठेवत नाही."