रवणावर बसलेला राऊटर

चालू असलेली गोष्ट चालू राहू द्यावी, हे रिहे गावच्या अपेक्षाला जन्मात कधी पटलं नाही. लहानपणी तिनं घरातला रेडिओ उघडला, तो चांगला वाजत होता म्हणून. आता ती पुण्याला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती, रोज एसटीनं ये-जा करत होती, आणि रेडिओच्या जागी नेटवर्क आलं होतं.

पिरंगुटच्या कारखान्यांनी मोडीत काढलेली यंत्रं बहिरू भंगारवाल्याकडे येत. त्याच्याकडचा एक कॉम्प्युटर तिनं बसमध्ये मांडीवर घेऊन आणला, आठवड्यानं दुसरा. मध्ये वायर टाकली, एकातली फाईल दुसऱ्यात दिसली. तो सगळा दिवस ती खूश होती. दुसऱ्या दिवशी चैन पडेना, तिसरा हवा. वर्षभरात चार झाले. त्यातला एक ‘लांबचं ऑफिस’ म्हणून गोठ्याशेजारच्या पडवीत गेला. आणि ह्या सगळ्यांची ये-जा सांभाळायला एक जुना राऊटर आला. सूटकेसएवढा, सदा घरघरणारा, आणि वरून तव्यासारखा ऊनऊन.

“ह्येच्यात व्हतंय तरी काय?” तिची आई रंभाबाई विचारी.

“माहिती जाती, आई.”

“कुटनं कुटं?”

“ह्या डब्यातनं त्या डब्यात.”

“दोन हातांवर तर हाय. उठून सांग की.”

हा सगळा पसारा मागच्या खोलीत होता. ती खोली जयसिंगनं, म्हणजे अपेक्षाच्या वडिलांनी, भाड्यानं द्यायला बांधलेली. शेजारच्या खोलीत लातूरचा सौरभ राहत होता, हिंजवडीला नोकरीला. दोन हजार सातच्या श्रावणात त्यानंच बातमी आणली.

“आमच्याकडे नेटवर्कला माणसं घेतायत. बावीस दिवसांनी परीक्षा आहे. मार्कशीट कुणी बघत नाही, समोर बसवून काम करून घेतात.”

अपेक्षाला वाटलं, ही परीक्षा आपल्यासाठीच काढली असणार. त्याच संध्याकाळी जयसिंग म्हणाला, “सौरभचा दोस्त राहायला येतोय एक तारखेला. तुजं भंगार उद्याच माळ्यावर टाक, खोलीला चुना मारायचाय.”

हात चालवायची परीक्षा, आणि हात चालवायला जागाच नाही. अपेक्षानं अंगणात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की कुत्रं तिच्यामागं चालून दमलं आणि बसलं.

मार्ग काढला तो घरच्या ठिपकेदार, कवड्या कोंबडीनं. श्रावणातल्या ओलीला कंटाळून ती आधीच दोन दिवस राऊटरवर अंडी घालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग खोली रिकामी करायला आला, तर ती खुडूक होऊन तिथंच बसलेली, उठायला तयार नाही. रंभाबाईनं पाटीत भाताचा पेंढा घातला, अकरा अंडी मांडली, पाटी राऊटरवर ठेवली आणि कोंबडीला रवणावर, म्हणजे उबवायला, बसवली.

“अगं, खुराड्यात ठेव की,” जयसिंग म्हणाला.

“रवणावरची कोंबडी हलवत न्हाईत. अंडी गार पडली तर तुमी बसणार हायसा का?”

जयसिंगनं सौरभला सांगितलं, तुझ्या दोस्ताला म्हणावं महिनाभर थांब, खोलीत कोंबडी हाय.

एकवीस दिवसांची सोय झाली. पण अपेक्षाला अट होती: खोलीतलं काही हलवायचं नाही, आणि राऊटर बंद करायचा नाही. इथंच दुखत होतं. कुठल्याही बिघाडावर तिच्याकडे एकच औषध होतं, सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं.

“आई, लाइट रोज चार तास जातीच की.”

“सरकारनं घालवलेली तिला कळती. तू घालवलीस तर घाबरती.”

नवव्या दिवशी पडवीतला कॉम्प्युटर हाकेला ओ देईना. मध्येच देई, मध्येच गप्प. अपेक्षाचा हात राऊटरच्या मागच्या बटणाकडे गेला, आणि कोंबडीनं मनगटावर चोच मारली. दारात रंभाबाई खाकरली.

मग अपेक्षा पालथ्या घमेल्यावर बसली. बसणं हा तिचा विषय नव्हता. गुडघा आपोआप हलू लागला.

“पाय हलवू नगं. तिला कळतं.”

शेवटी तिनं वही काढली. प्रत्येक कॉम्प्युटरला विचारत गेली, तू कोण, तुला कोण दिसतं, आणि लिहीत गेली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वहीत सापडलं: वाढवण्याच्या घाईत तिनं स्वतःच दोन कॉम्प्युटरांना एकच नंबर दिला होता. एकाच नंबराची दोन घरं असली, तर पौडचा पोस्टमन पत्र कधी ह्या घरी टाकील, कधी त्या. तिनं एक नंबर बदलला. पडवीतून ओ आली. कोंबडीनं मानसुद्धा वळवली नाही.

एकविसाव्या दिवशी अकरापैकी नऊ पिल्लं निघाली. बाविसाव्या दिवशी अपेक्षा हिंजवडीला गेली.

सात उमेदवार, सात टेबलं, प्रत्येकावर बिघडवून ठेवलेलं नेटवर्क. “ह्यावर आत्ता दोनशे माणसं काम करतायत, असं समजा,” परीक्षक म्हणाले. लगेच चहूकडून खटाखट बटणं बंद झाल्याचे आवाज आले. अपेक्षाचा हातही निघालाच होता. मनगटावरची खपली दिसली आणि तो वाटेतच थांबला. तिनं वही काढली. परीक्षक दोनदा येऊन मागं उभे राहिले. वेळ संपायला पाच मिनिटं असताना बिघाड सापडला.

“एकदाही बंद का नाही केलंत?” त्यांनी विचारलं.

पाठ करून नेलेल्या इंग्रजी उत्तरांतलं अपेक्षाला एकही आठवेना.

“वर बसलेले घाबरतात, सर,” ती म्हणाली.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आठव्या दिवशी सौरभ मोबाइल हातात घेऊन मागच्या दारी आला. “काकू, अपेक्षाला घेतलं.”

रंभाबाई पिल्लांना कण्या टाकत होती. टाकता टाकताच तिनं खोलीत हाक दिली, “काम काय करायचं गं तितं?”

“चालू हाय ते चालू ठेवायचं.”

रंभाबाईनं उरलेल्या कण्या झटकल्या. “मग तुला न्हाई जमायचं.”

कोंबडी उठून गेली होती, खोलीत राऊटर मोकळा होता, झकास चालत होता, आणि अपेक्षानं त्याचा पहिला स्क्रू काढला होता.