एकट्यानं एक चक्कर

जमिनीवर बसून विमान चालवण्यात आमच्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडात सापडला नसता. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. वडनेर भोलजीला साठ एकर काळी जमीन, दारात चार बैलजोड्या, गावात पाटील म्हणून मान. आणि चाळिशी ओलांडल्यावर या गृहस्थानं एक दिवस जाहीर केलं की आपण विमान शिकणार. झालं असं, की नांदुऱ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या असताना डोक्यावरून एक विमान गेलं. बाकीच्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घेतल्या. भाऊजींची मान काही खाली येईना. गाडी रिकामी झाली, बैल पाणी पिऊन आले, तरी हे वरच पाहत उभे. शेवटी मला म्हणाले, "मास्तर, त्यात एकलाच माणूस होता. म्या नीट पाह्यलं." मी नांदुऱ्याच्या शाळेत मास्तर, त्यामुळे जगातल्या सगळ्या चौकशा माझ्याकडे. मी विचारपूस करून सांगितलं, की नागपूरला एक क्लब आहे आणि तिथे एक गोरा साहेब शिकवतो. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पुढच्या आठवड्यात भाऊजी धोतराचा काचा मारून नागपूरच्या गाडीत बसले.

ते विमान एकावर एक असे दोन पंख असलेलं, वरून उघडं. पुढे साहेब बसायचा, मागे शिकणारा. साहेब बोलला की एका नळीतून ते मागे ऐकू यायचं. शिकणाऱ्याचा हात बसला, की एक दिवस साहेब खाली उतरतो आणि शिकणाऱ्यानं एकट्यानं वर जाऊन, मैदानाला एक चक्कर मारून खाली यायचं. एवढंच. पण त्या एका चकरेनं भाऊजींना पछाडलं. महिन्यातले आठ दिवस नागपूर आणि उरलेले बावीस दिवस वडनेरला तयारी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि नजर दाराबाहेरच्या आभाळात. इतकं हवंसं वाटणं मी माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा.

तयारीसाठी त्यांनी खळ्यातली एक जुनी बंडी धरली होती. बैलांविना उभी केलेली ती गाडी, जू दगडावर टेकवलेलं. मागे भाऊजी बसत, दोन गुडघ्यांच्या मध्ये कुदळीचा दांडा, पायांत दोन दोऱ्या. पुढे साहेब हवा, म्हणून अक्काला बसवत. अक्का रिकामी कशी बसेल? ती सुपात गहू घेऊन बसायची. भाऊजी मागून ओरडत, "अवो, साहेब काही बोलत असते! मी चुकलो तं सांगा ना!" अक्का खडे वेचता वेचता म्हणायची, "नाक वर झालं तुमचं." "काऊन? आता तं सरळ होतं!" "मले नाही माहीत. साहेब हाये का मी? तुमी सांगा म्हनता तं म्हनलं." यावर भाऊजी मुकाट्यानं दांडा पुढे दाबायचे. मैदानाची चक्कर नेहमी डावीकडून, म्हणून त्यांनी उजवीकडे वळणंच सोडून दिलं होतं. शेजारचं घर उजव्या हाताला. तिथे जायला हे डावीकडून विहीर, मारुती आणि अर्धी गल्ली पालथी घालून पोचत. संग्रामपूरच्या एका लग्नात वरातीच्या पुढे मानाचा माणूस म्हणून यांना चालायला लावलं. मांडव उजव्या हाताला दहा पावलांवर. भाऊजींनी वाजंत्र्यांसकट अख्खी वरात डावीकडे घेतली आणि बाजारपेठेला वळसा घातला. मुलीचा बाप धावत आला, "पाटील, मांडव तं मागं राह्यला ना!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "असं एकदम उतरता येत नाही, भाऊ. चक्कर पुरी करा लागते."

टोपीचंही तसंच. साहेबाच्या डोक्यावर चामड्याची कानटोपी असते, तशीच आपल्याला हवी, म्हणून त्यांनी नांदुऱ्यात बैलांचं साजसामान शिवणाऱ्या करीमभाईला गाठलं. करीमभाईनं मापही घेतलं आणि टोपी शिवूनही दिली, फक्त देताना म्हणाला, "पाटीलसाब, म्हशीचं चमडं हाये. ऊन लागलं का आवळते. आसमानात डोकं दुखलं तं मले बोल लावू नका." ती टोपी घालून भाऊजी भर उन्हात शेतावर फिरायचे. डोकं दुखायचंच, पण सवय करून घेत होते.

अखेर पौषात एक दिवस साहेबानं सांगितलं, की उद्या सकाळी हवा बरी असली तर मी उतरेन. नेमके त्याआधीचे पंधरा दिवस खळ्यात ज्वारी चालली होती आणि भाऊजी उपणणीला दुसऱ्या कोणाला उभं राहू देत नसत. तिवईवर उभं राहायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि टोपल्यातली ज्वारी हळूहळू खाली सोडायची. दाणे पायाशी, भुसा पुढे उडून जातो. तोंड वाऱ्याकडे केलं की भुसा डोळ्यांत. वयाच्या पंधराव्या वर्षापासून हे त्यांच्या अंगात मुरलेलं. विमानाला मात्र वारा समोरून लागतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्या खेपेला मीही शाळेतून रजा काढून सोबत गेलो होतो आणि त्या सकाळी मैदानाच्या कडेला उभा होतो. विमान घरघरत मैदानाच्या टोकाला गेलं. आता भाऊजींनी ते आपलं आपण वळवून उभं करायचं आणि साहेबानं उतरायचं, असं ठरलेलं. साहेबानं पट्टा सोडला, उठला, एक पाय बाहेर काढून पंखावर ठेवला. भाऊजींनी मान वर केली, वारा कुठून येतो ते पाहिलं, आणि विमान वळवून ठाकठीक वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. साहेब तसाच एका पायावर थांबला. मग त्यानं बाहेरचा पाय आत घेतला आणि पुन्हा पट्टा बांधला. परत आल्यावर त्यानं भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "पाटील, कटाई के बाद आना," एवढंच म्हणाला. भाऊजी मला म्हणाले, "सायबाचं बरोबर हाये. हात शेतातच राह्यले माहे." नांदुऱ्यापर्यंत गाडीत ते खिडकीकडे पाठ करून बसले आणि मलाही त्यांच्याकडे पाहवेना.

पुढे गव्हाचीही कापणी झाली, पण साहेब सुटीवर विलायतेला गेलेला, आणि तो यायच्या आत लढाई सुरू झाली. विमानं सरकारनं घेतली, शिकवणी फक्त फौजेतल्या पोरांना. भाऊजींनी तयारी सोडली नाही. लढाईच्या सगळ्या वर्षांत बंडी खळ्यात उभी होती, आणि अक्का पाणवठ्यावर बायांना सांगायची, "लढाई सरली का पाटील एकले वर जातीन." लढाई संपली, क्लब पुन्हा उघडला, आणि त्याच महिन्यात नांदुऱ्याच्या डॉक्टरनं भाऊजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. विमान चालवायचा परवाना आता मिळणार नाही, हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर म्हणाले, "मास्तर, एकडाव नागपूरले जाऊ. नुसतं पाहून येऊ."

गेलो. साहेब बदलला होता, विमान तेच होतं. कुंपणाशी उभं राहून आम्ही पाहत होतो, तर पुढचा शिकवणारा उतरला आणि मागे बसलेली एक तरुण मुलगी एकटी निघाली. भाऊजींना ती स्पष्ट दिसत नव्हती. मी सांगत होतो आणि त्यांचे हात कुंपणाच्या तारेवर हलत होते. विमान उतरून थांबलं तेव्हा त्यांनी तार सोडली. मग सरळ तिच्यापाशी गेले. "पोरी, एकटं वर गेल्यावर कसं वाटते व?" ती म्हणाली, "काका, विमान एकदम हलकं होतं. आपल्याला वाटतं त्याच्या आधीच वर जातं." भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

परतीच्या गाडीत शेगाव मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, डोळ्याचं तुह्या अक्काले सांगू नको."

"का हो?"

"ते बायांले सांगून राह्यली, यंदा पाटील एकले वर जाते म्हणून. पाहू दे तिले वाट. माह्याच्यानं वाट पाहनं आता होत नाही. पण घरात कोनी तरी वाट पाहून राह्यलं पाह्यजे."

मी कधीच सांगितलं नाही. भाऊजी गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी वडनेरला गेलो, की जेवण वाढताना अक्का हमखास विचारते, "एकले उडाले असते ना रे ते?" मी मास्तरकीची शुद्ध भाषा बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "हाव अक्का. उडाले असते."