तीन घरांचं आडनाव

आमचं आडनाव मी हितं सांगत नाय. सांगितलं तर लपवायला जागा उरणार नाय, कारण ते लावणारी घरं सगळी मिळून तीनच. एक माझं, एक दादाचं, म्हंजे माझ्या चुलत भावाचं, आणि एक आमच्या धाकट्या काकीचं, जी ऐंशीच्या पुढं गेलीय, मूलबाळ नाय आणि एकटीच हाय. मतदार यादीत आमचं आडनाव सुरू झालं की माणसानं पेन उचलायच्या आत संपतं. एकदा यादीवाला मला बोलला, "बाकीचे कुठं गेले?" मी बोललो, "बाकीचे आलेच नाय."

हे मी तोंडानं सांगतोय आणि माझी थोरली लेक लिहून घेतेय. मी दुसरीत दोनदा बसलो आणि मंग उठून घरी आलो. वाचता येत नाय. सही येते, कारण साक्षरतेच्या वर्गातल्या बाईंनी ती गिरवून घेतली होती. तेवढा माझ्या आडनावाचा आकार मला ओळखता येतो, जसा आपला बैल बाजारात ओळखता येतो.

आडनावाचा अर्थ मात्र सांगतो. रेल्वे नव्हती तवा खोपोलीवरून घाट चढायचा म्हंजे बैलगाडीनं. बैल दमले की मध्येच उभे राहायचे. तवा गाडी मागं सरकू नये म्हणून चाकाच्या मागं दगड लावायला लागायचा. तो दगड हातात घेऊन गाडीच्या मागं चालायचं, हे एका माणसाचं काम. तो माणूस आमचा मूळपुरुष. त्या कामाचंच आडनाव झालं. माझा बाप सांगायचा, "त्यांचा हात एकदा चुकला असता तर बैल, गाडी, गाडीवाला, सगळं दरीत." तो दगड म्हणून एक दगड आमच्या मागल्या दारी हाय, एका बाजूनं गुळगुळीत. बायको त्याच्यावर कपडे धुते. तोच दगड कशावरून, असं मी बापाला विचारलं होतं. त्यानं उत्तर दिलं नाय, मला मारलं.

आता माझा गुन्हा.

मी भातशेती करतो आणि लग्नात माईकवर बोलतो. 'पाव्हणे मंडळी, पंगत बसतेय, मुलीकडची मंडळी पुढं या', असं. कोणी शिकवलं नाय, तोंड मोठं होतं म्हणून माईक हातात आला. लोकं हसली की मला जेवण गोड लागतं. एकदा वऱ्हाड यायला उशीर झाला, मांडवात लोकं कंटाळली, आणि माझ्याकडं सांगायला काय नव्हतं. मंग मी माझंच आडनाव काढलं. बोललो, आमचा मूळपुरुष घाटात दगड घेऊन चालायचा. एक दिवस बैल थांबले, यानं दगड चाकामागं लावायचा तो डोक्याखाली घेतला आणि झोपला. गुळाची गाडी सरळ मागं खोपोलीला. "गाडी खाली गेली, आणि त्यानंतर आमच्या घराण्यात कोणी वर गेलं नाय."

मांडव हसून पडला. बापानं झोपेचं कधी सांगितलं नव्हतं. ती झोप माझी होती. पण मंग दर लग्नात लोकं बोलायची, "ती झोपलेल्याची सांगा." मी सांगायचो. दर वेळी त्याला जरा जास्त झोपवायचो. शेवटी शेवटी तो घोरायला लागला होता.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एकाच अंगणात आमी वाढलो. तो शिकला, साजगावच्या कारखान्यात लागला, खोपोलीत घर बांधलं. मला दोन मुली, दोघी दिल्या. दादाला एक मुलगा. म्हंजे आमच्या आडनावाचा पुढचा सगळा कारभार त्या एका पोरावर. मी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचो आणि बोलायचो, "हा आमचा शेवटचा डबा, हा निसटला की गाडी संपली." तो आता पुण्याला हापिसात हाय. त्याचं लग्न ठरलं तवा मला माझ्या मुलींच्या लग्नापेक्षा जास्त आनंद झाला. हे लिहिताना लेक माझ्याकडं बघतेय, पण खरं ते खरं.

पत्रिका छापून आल्या. दादानं मला घरी बोलवलं. वहिनीनं चहा दिला, बरोबर शंकरपाळे. दादानं गठ्ठा पुढं ठेवला. "आपल्या गावच्या आणि लोधिवली-चौक गावांकडच्या तू वाट. तुझ्यासारखं आमंत्रण कोणाला देता येत नाय रं." मी फुगलो. पत्रिका हातात घेऊन सवयीनं माझ्या आडनावाचा आकार शोधला. दिसला नाय. सोनेरी वळणदार अक्षरं होती, मला वाटलं शहरात बैलाला झूल घालतात तसं काय तरी असंल. वहिनी बोलली, "अहो, भावजींना..." दादा बोलला, "चहा आण अजून." मी दोन कप प्यायलो.

पहिली पत्रिका गावदेवीला. हळदकुंकू लावून देवीपुढं ठेवली आणि मोठ्यानं बोललो, "आई, आमच्या घराण्यातलं शेवटचं पोर बोहल्यावर चढतंय, सांभाळून घे." मंग काकीला. तिला ऐकू येत नाय, तिनं पत्रिका कपाळाला लावली आणि उशाखाली ठेवली. मंग दोन दिवस दारोदार. प्रत्येक दारात माझं एकच बोलणं, आडनाव घेऊन, की अमक्यांच्या घरचं लग्न हाय, घराला कुलूप लावून यायचं. लोकं पत्रिका वाचायची, माझ्याकडं बघायची, परत पत्रिका बघायची. एकानं विचारलं, "तुमी पण?" मी बोललो, "मी पण म्हंजे? मी पुढंच असणार." एक बाई बोलली, "बरं केलंत, काळाप्रमाणं चालावं." मी बोललो, "चालायलाच पायजे." मला वाटलं माझ्या नव्या सदऱ्याबद्दल बोलतेय.

तिसऱ्या दिवशी मिनीडोर रिक्षेनं लोधिवलीला गेलो, धाकट्या लेकीच्या घरी. माझे व्याही रिटायर क्लार्क. त्यांची पद्धत अशी की पत्रिका आली की चष्मा लावून पयल्या अक्षरापासून सगळी मोठ्यानं वाचायची, छापखान्याच्या नावासकट. घरातल्यांनी उभं राहून ऐकायचं. त्यांनी सुरू केलं. देवाचं झालं, आजोबांचं नाव झालं, आणि ते थांबले.

"पाव्हणं," ते बोलले, "हे कोणाचं लग्न?"

"आमच्या दादाच्या मुलाचं."

"नाव त्याचंच हाय. आडनाव दुसरं हाय."

मी हसलो. बोललो, "छापखान्यात चुकलं असंल, त्यांनाबी आमचं आडनाव ऐकून माहीत नसंल."

त्यांनी पुढं वाचलं. दादाच्या नावापुढं तेच. वहिनीच्या पुढं तेच. आमच्या गावाच्या नावाला 'कर' लावून केलेलं आडनाव. तसलं आडनाव कोणत्याबी गावाच्या माणसाला करता येतं, फक्त गाव पायजे. मंग खाली आमंत्रण देणारांची यादी आली. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमचंबी नाव हाय," ते बोलले. "तुमच्यापुढंबी तेच लावलंय."

लेकीनं माझ्यापुढं पाणी ठेवलं. मी हिशोब लावत होतो, कुठल्या कुठल्या दारात मी छाती काढून आडनाव सांगितलं आणि हातात काय ठेवलं. देवीलाबी फसवून आलो होतो.

तसाच मिनीडोरमध्ये बसून खोपोलीत शिळफाट्याला उतरलो आणि दादाच्या घरी गेलो. दादा टीव्ही बघत होता. माझं तोंड बघून त्यानं आवाज बारीक केला.

मी बोललो, "दादा, माझं आडनाव कधी बदललं? मला कळवलं नाय कोणी."

"बस की."

"बसत नाय. सांग."

"मुलाचं रीतसर केलंय. कागद झालेत, गॅझेटला आलंय. आमी दोघांनी पण केलं. तुझं फक्त पत्रिकेत. एका यादीत दोन आडनावं बरी दिसत नायत."

"आणि मला सांगायचं?"

"लग्न झाल्यावर सांगणार होतो."

"तोवर मीच गावभर वाटू?"

वहिनी आतून बोलली, "मी यांना बोलत होते, भावजींना आधी सांगा. हे बोलले, त्याला कुठं वाचता येतंय."

ते ऐकलं आणि मला तो पत्रिकांचा गठ्ठा आठवला. मी समजत होतो की माझ्यासारखं आमंत्रण कोणाला देता येत नाय म्हणून गठ्ठा माझ्याकडं आला. आमच्या गावात वाचता येणारी पोरं चिक्कार हायत. त्यातल्या कोणालाबी दिला असता तर पयल्याच दारात बोंब झाली असती. सगळ्यांत बिनबोभाट वाटणारा मीच होतो. टपाल पेटीला कुठं वाचता येतं.

"पोराला लाज वाटायची," दादा हळू बोलला. "हापिसात हसायचे. मुलीकडच्यांनी विचारलं, हे आडनाव कधी ऐकलं नाय, तुमी नक्की कुठले, कोणाचे. मोबाईलवर शोधलं तर काय निघंना."

"तीन घरं मोबाईलवर कशी निघतील?"

"आणि निघायचं ते साखरपुड्यात निघालं," दादा बोलला. आता त्याचा आवाज चढला. "माईक घेऊन तूच सांगितलंस ना? झोपलेला माणूस? घोरून दाखवलंस. त्यांची सगळी मंडळी हसली. पोरगं हसत नव्हतं रं. तू बघितलं नायस, तू लोकांकडं बघत होतास. दुसऱ्या दिवशी त्यानं फॉर्म आणला."

मी घरी आलो. बायको मागल्या दारी दगडावर चादर आपटत होती. सगळं सांगितलं. मला वाटलं ती दादाला शिव्या घालील. ती बोलली, "माझं आडनाव मी तुमच्या दारात आले त्या दिवशी गेलं. मला कोणी विचारलं होतं काय? माझ्या बापानं तर वर बुंदी वाढली."

"तुझ्या माहेरचं आडनाव अर्ध्या तालुक्यात हाय गं."

"म्हणून मला कमी लागलं?" असं बोलून तिनं चादर पिळली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

लग्नाला गेलो. न जाऊन कुठं जाणार, अर्धं वऱ्हाड माझ्या तोंडाच्या शब्दावर आलेलं. हॉलवर मोठ्या फुलांच्या अक्षरांत नवीन आडनाव. काकीला मी हाताला धरून आणली. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या, आणि मुलीचा मामा माईक घेऊन माझ्याकडं आला. "काका, साखरपुड्यातली ती झोपलेल्याची होऊन जाऊ दे."

मी नवऱ्याकडं बघितलं. या वेळी लोकांकडं नाय, त्याच्याकडंच. तो बूट शोधत असल्यासारखा खाली बघत होता.

मी माईक घेतला आणि बापानं सांगितलेलं तसं सांगितलं. घाट, दमलेले बैल, गाडीमागं चालणारा माणूस. बोललो, तो झोपला नव्हता. तो कधीच झोपला नाय. ती झोप मी जोडली. त्याचा हात एकदा चुकला असता तर सगळं दरीत गेलं असतं, आणि चुकला नाय.

लोकं हसली. पोट धरून हसली. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली, "काका, आज तोंड किती गंभीर ठेवलंत." इतकी वर्षं मी त्यांना हसायची सवय लावली, ती एका दिवसात कशी सुटंल. मीबी थोडा हसलो, माईक हातात होता म्हणून. नवरा तेवढा मान वर करून माझ्याकडं बघत होता. काय तरी बोलणार होता, तेवढ्यात त्याला स्टेजवर बोलवलं.

फोटो सुरू झाले. फोटोवाल्यानं पुकारा केला, ते गावाच्या नावाचं आडनाव घेऊन, की त्या परिवारानं स्टेजवर यावं. मी खुर्चीवर बसून राहिलो. रुसलो नव्हतो. खरंच मला कळलं नाय की मला बोलवतायत. वहिनी खाली आली, "भावजी, चला, सगळे थांबलेत."

"तुमचा होऊ द्या वहिनी. आमचा मागनं काढतो."

दादा वरून बघत होता. मंग ती वर गेली आणि त्यांचा फोटो झाला, मुलीकडची माणसं धरून स्टेज भरून गेलं होतं.

आमचा नंबर सगळ्यांत शेवटी आला. मी, बायको, आणि मध्ये काकी. फोटोवाला दारापर्यंत नजर टाकून बोलला, "काका, तुमच्यातलं अजून कोण यायचंय?"

"नाय. एवढंच."

त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, मान हलवली. "मंग जरा पसरून उभे राव्हा. बाजू रिकाम्या दिसतायत."

आमी तिघं पसरून उभे राहिलो.